मुळेच्या डोहातल्या खडसाचा पंचनामा

मासा धरणं हे हातांचं काम आणि तो ठेवायचा की सोडायचा हे ठरवणं डोक्याचं. म्हणून सुज्ञ सरकारं हे दुसरं काम मासे धरणाऱ्यावर कधीच सोपवत नाहीत.

लढाईचे दिवस होते. धान्य मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं, हुकूम मात्र मुबलक मिळत. असाच एक हुकूम वरच्या कचेरीतून उतरत उतरत मुळाकाठच्या टाकळवाडीला पोचला. कोणा गोऱ्या साहेबाला सुट्टीत गळ टाकून बसायची हौस होती. सबंध दिवस बसून त्याला काही लागलं नाही, तेव्हा नदीतले मासे कमी झालेत असा त्याने शोध लावला. (साहेबाला मासा न लागण्याची कारणं दोनच, आणि दुसरं सरकारी कागदावर लिहिता येत नाही.) हुकमात एवढंच होतं: ‘ठेवण्याजोगा मासा ठेवावा, सोडण्याजोगा मासा सोडून द्यावा.’ इतका स्पष्ट हुकूम टाकळवाडीत पूर्वी आला नव्हता.

अंमलबजावणी दत्तोपंतांकडे आली. दत्तोपंत महसुलातून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. जळालेली गंजी, पडलेली भिंत, विहिरीत गेलेली म्हैस, जन्मभर त्यांनी ज्याचा-त्याचा पंचनामा केला. मग मासा काय आभाळातून पडलाय? धरलेला प्रत्येक मासा घाटाच्या पायरीवर पाण्याच्या भांड्यात ठेवायचा, पाच पंच जमवायचे, चतुःसीमा लिहायची (पूर्वेस नदी, पश्चिमेस मासा धरणारा इसम, उत्तरेस पायरी, दक्षिणेस मांजर, हलते) आणि मग मतं घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. पंच असा हवा की ज्याने या गावचा मासा तोंडात घातलेला नाही. चव ठाऊक असलेला माणूस निःपक्षपाती कसा राहणार? माशातला नर कोणता नि मादी कोणती हे एकाही पंचाला कळत नव्हतं, त्यामुळे त्या बाबतीत कधी मतभेद झाले नाहीत.

काम झपाट्याने चाललं. लहान मासे सोडले, कारण ते मोठे व्हायचे होते. मोठे सोडले, कारण ते पोराबाळांचे होते. मधले सोडले, कारण त्यांचं वय उमेदीचं होतं. सबंध हंगामात एक झिंगा तेवढा ठेवायला मिळाला, तोही तो मासाच नव्हे असं बहुमताने ठरल्यावर. पंच जमेपर्यंत ऊन चढायचं, त्यामुळे सोडलेल्यांपैकी शंभरात नव्वद मासे पाठीवर पोहत गेले. दत्तोपंतांनी शेरा मारला: ‘समाधानाने गेले.’

या सगळ्यात दिलावर पिंजाऱ्याची मात्र पंचाईत झाली. गाद्या भरणं हा त्याचा धंदा, पण जीव सगळा नदीत. त्याची लेक बानू घोडेगावात दिलेली. लग्नात तिच्या सासूने, सरवरीबीने, जेवता जेवता सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, ‘नदीकाठचं गाव, अन् खडसाचा तुकडा न्हाई ताटात?’ तेव्हापासून सासरी बानूला उठता-बसता तो न दिलेला खडस मासा ऐकावा लागे. भाकरी करपली तरी खडस निघायचा आणि बैल अडला तरी. पोरीने निरोप धाडला होता, ‘अब्बा, सासूअम्मा जुम्म्याला यायल्यात. एकडाव खाऊ घाला, म्हंजी माझी सुटका हुईल.’

जुम्म्याच्या सकाळी दिलावरला डोहात खडस लागला. हातभर लांब, सोन्यासारखे खवले. चोरून न्यायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण शेपूट टोपलीबाहेर, आणि दत्तोपंतांची ओसरी नेमकी घाटावर. झालं! घमेल्यात मासा मावेना म्हणून दिलावरच्या बायकोचं, मुबारकबीचं, अंघोळीचं घंगाळ आणावं लागलं.

पंच जमले. दत्तोपंत म्हणाले, ‘एवढा मोठा आहे. सोडा.’ विष्णुपंत जोशांनी पंचांग उघडलं. आजचा दिवस संग्रहाला उत्तम निघाला. ‘ठेवा.’ माळकरी पुंजाराम घंगाळाकडे न बघताच म्हणाला, ‘जीव हाय, सोडा.’ राधाकृष्ण वाण्याने ठेवा म्हटलं. (तेल-मसाला त्याच्याच दुकानातून जाणार होता, त्याने हे लपवलं नाही, आणि हा प्रामाणिकपणा निःपक्षपातातच धरला गेला.) पाचवा पंच गोरक्षनाथ सासुरवाडीला मिरजगावला गेलेला. दोन विरुद्ध दोन!

दिलावर कासावीस झाला. ‘पंत, मी देऊ का मत?’

‘अरे, मासा तुझा. तुझा काय संबंध?’ दत्तोपंत म्हणाले.

दिलावर खाली बसला आणि घंगाळात ताजं पाणी ओतत राहिला. इतक्यात घाटाच्या उतारावर घोडेगावची बैलगाडी दिसली. सरवरीबी उतरल्या, पाठोपाठ बानू. दत्तोपंतांनी विचारलं, ‘बाई, आपण या गावचा मासा कधी खाल्लाय?’

‘खाल्लाय?’ सरवरीबी उसळल्या. ‘लग्नात दावला बी न्हाई कुनी!’

म्हणजे पात्रता सिद्ध झाली. दिलावरने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. खडसासाठी गाव डोक्यावर घेणारी विहीणच पंच! मुबारकबीला त्याने खूण केली, मसाला वाटायला घे.

घोंगडी अंथरली गेली. पुंजारामाने पाण्याचा तांब्या पुढे केला. पेन्शनीतला अव्वल कारकून हात जोडून म्हणाला, ‘बोला बाई. आपण म्हणाल ते कायम.’

सरवरीबींना जन्मात कोणी मत विचारलं नव्हतं. घरात नवऱ्याने नाही, बाजारात बैल घेताना तर नाहीच. त्यांनी पदर सावरला. ठेवा म्हटलं की एका शब्दात उठावं लागणार. सोडायचं तर कारणं सांगता येतात. त्या घंगाळाभोवती एक फेरी मारून आल्या, घसा खाकरला.

‘लेकुरवाळी दिसती. डोळं बगा तिचं. कुनाची तरी माय हाय. खानारी तोंडं लई मिळतील, पर सोडनारा हात लागतो! सोडा तिला.’

‘वा!’ विष्णुपंतांच्या तोंडून निघालं, पंचांगही मिटलं. पुंजारामाचे डोळे पाणावले. सरवरीबींनी स्वतःच्या हातांनी घंगाळ कलतं केलं आणि खडस एका शेपटीच्या फटक्यात डोहात नाहीसा झाला. दिलावरने रिकामं घंगाळ उचललं.

दुपारी मुबारकबीने वाटलेला मसाला वांग्यात भरला. सरवरीबींनी ताट बघितलं, घास मोडला, आणि वर बघितलं.

‘मच्छी?’

बानूने घाईने भाकरी पुढे केली. दिलावर चाचरत म्हणाला, ‘विहीणबाई, तुमीच सोडली न्हवं?’

‘ती पंच म्हनून सोडली. जेवायला मी पाव्हनी म्हनून बसले.’ त्यांनी वांगं बाजूला सारलं. ‘नदीकाठचं गाव, अन् दुसऱ्यांदा बी ताटात न्हाई!’

संध्याकाळी गाडी निघाली. सरवरीबी घाटावर थांबल्या, दत्तोपंतांना म्हणाल्या, ‘गाव लई इन्साफाचं.’ मागे बसलेली बानू बापाकडे बघून रडली, कारण आता तिच्या वाट्याला दोन खडस आले होते.

सरवरीबींना नावं ठेवू नका. खडस पाण्यात सुटला तेव्हा तुमचाही जीव भांड्यात पडला, आणि बानू रडली तेव्हा तुम्हीही हळहळलात. दोन्ही मतं तुमचीच, मनापासूनची. आणि दोन्ही देताना तुमच्या ताटातलं काहीएक हललं नाही.