एकवीस युक्त्यांचं प्रकरण

“रंगारी, देवानं मला दोन डोळे दिले ही उधळपट्टी झाली. तुम्हाला दोन डोळ्यांनी जे दिसत नाही, ते मला एकानं दिसतं. दुसरा मी राखीव ठेवतो. आज मी गुप्तहेर खात्याचा प्रमुख असतो, पण शाळेवर उपकार म्हणून इतिहास शिकवतोय.”

एवढं बोलून इतिहासाचे सर शिक्षकखोलीतल्या स्टुलाला अडखळले. राखीव डोळा बहुतेक त्याच बाजूला असावा.

ज्यांना हे ऐकवलं जात होतं ते चित्रकलेचे सर. त्यांना सगळी शाळा रंगारी म्हणायची. इतिहासाच्या सरांनी त्यांना न विचारताच आपला सहायक नेमलं होतं. खिशातल्या भिंगामुळे मुलं इतिहासाच्या सरांना भिंगसर म्हणत. भिंगसरांच्या नावावर आजवर एकच यशस्वी तपास होता. हरवलेलं डस्टर त्यांनी नऊ दिवसांत शोधून काढलं होतं. ते त्यांच्याच काखेत होतं.

पण या बुधवारी मामला गंभीर होता. गणिताच्या बाई हातात मेमो घेऊन बाकावर सुन्न बसल्या होत्या.

झालं होतं ते असं. वर्षाच्या सुरुवातीला वरच्या कार्यालयानं पाचवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी एक ऑनलाइन पोर्टल काढलं. त्यावर तयार पाठ, व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषा होत्या. प्रत्येक शिक्षकानं वर्षभरात पन्नास तास ते बघायचं. जो बघणार नाही त्यानं सुट्टीत शाळेत येऊन बघायचं. पोरं टाळून बघायचं ते पोर्टल, अशी रंगारींची व्याख्या होती. त्यातले तज्ज्ञ रिकाम्या खोलीत उभं राहून वर्ग कसा सांभाळावा हे सांगत, आणि त्यांचा वर्ग खरोखर अत्यंत शिस्तीत असे. शेवटी प्रश्न यायचा, ‘वर्गात विद्यार्थी का असावेत?’ तीन पर्यायांपैकी पहिलाच असायचा ‘वरीलपैकी सर्व’.

आता कार्यालयाकडून नोंदींची यादी आली होती. ‘विद्यार्थ्यांना जागं ठेवण्याच्या एकवीस युक्त्या’ हा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ गणिताच्या बाईंच्या खात्यावरून शहात्तर वेळा बघितला गेला होता. शाळा भरलेली असताना, रोज सव्वाबारा वाजता. आणि रोज सव्वाबाराला बाई नववीच्या वर्गावर असत.

“म्हणजे एकतर तुम्ही वर्ग सोडून जाता,” मुख्याध्यापक म्हणाले होते, “नाहीतर मशीन चालू ठेवून खोटे तास भरता. शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या. तुम्हाला कायम करण्याची फाइल माझ्या टेबलावर आहे, हे ध्यानात असू द्या.”

“मी तो व्हिडिओ एकदाही धड बघितला नाही हो,” बाई रंगारींना म्हणाल्या. “पहिल्या तीन मिनिटांतच बंद केला. पण हे लिहून कसं देऊ? तोही गुन्हाच!”

रंगारी बाईंच्या शेजारी येऊन बसले. दोन वर्षं दोघं एका बाकावर बसत होते. नववीची मुलं बाईंच्या तासाला बाकावर पुढे सरकून बसतात, हे त्यांनी येता-जाता खिडकीतून पाहिलं होतं. त्यासाठी बाईंना एकही युक्ती लागत नव्हती.

“घाबरू नका,” भिंगसरांनी भिंग काढलं. “तुम्हाला जुळी बहीण आहे?”

“दोन भाऊ आहेत. दोघांनाही दाढी आहे.”

“दाढी काढता येते,” भिंगसर गूढपणे म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

गुरुवारी सकाळपर्यंत जुळ्या बहिणीचा सिद्धांत मागे पडला आणि शेजारच्या शाळेचा पुढे आला. “आपल्या एकवीस युक्त्या कोणीतरी चोरतंय, रंगारी!”

“सर, ते पोर्टल सगळ्या शाळांना फुकट आहे.”

“तेच तर! फुकटची वस्तूसुद्धा जो चोरून नेतो, तो किती मुरलेला असेल?”

मग बोटांचे ठसे. शिक्षकखोलीतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर भिंगसरांनी मूठभर खडूची पूड उधळली आणि भिंग लावून वाकले. तेवढ्यात त्यांना शिंक आली. ठसे गेले, पूड आत गेली, आणि ‘क’ हे बटण कायमचं खाली बसलं.

“गुन्हेगारानं पुरावा नष्ट केला,” ते नाक पुसत म्हणाले.

दुपारी त्यांनी ग्रंथपालबाईंची उलटतपासणी घेतली. सव्वाबाराला कुठे होतात, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “ग्रंथालयात. तुम्हीही होतात. टेबलावर डोकं ठेवून.” भिंगसरांनी त्यांचं नाव यादीतून चटकन खोडलं.

रंगारी हे सगळं बघत होते आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारत होते. पण बाईंच्या बाजूनं शाळेत धावपळ करणारा हा एकच माणूस होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडी स्वतःच पोहायला शिकत होती.

शुक्रवारी सापळा लागला. बाराला दहा कमी असतानाच भिंगसर जगाच्या नकाशामागे जाऊन उभे राहिले. नकाशाखाली त्यांचे बूट दिसत होते. रंगारींनी कॉम्प्युटरवर नजर ठेवायची होती. सव्वाबारा वाजले, साडेबारा वाजले. कॉम्प्युटरला कोणी हातही लावला नाही. मग रंगारींनी बाईंनी दिलेल्या पासवर्डनं त्यांचं खातं उघडून पाहिलं. नोंद झाली होती, सत्याहत्तर.

नकाशामागून आवाज आला, “गुन्हेगार अदृश्य आहे!”

“सर, उद्या शनिवार आहे,” रंगारी पहिल्यांदाच चिडून म्हणाले. “बाई अदृश्य माणसाचा खुलासा लिहून देणार का?”

तेवढ्यात शाळेच्या मावशी चहाचा भरलेला कप घेऊन आत आल्या. रोजच्याच वैतागानं त्यांनी तो टेबलावर आदळला. “घ्या कोणीतरी. गार झालाय. मोठे साहेब रोज म्हणतात, सव्वाबाराला चहा आणा. मी नेते, ते ठेवा म्हणतात, आणि तो एकवीस युक्त्यावाला बाबा लावतात. पाच मिनिटांत घोरायला लागतात. रोज चहा जसाच्या तसा परत आणते मी.”

रंगारी ताडकन उठले. “मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?”

“मला कोण विचारतंय? तुमचे हे भिंगसर तर दोन दिवस भिंतीला विचारतायत.”

दोघंही सर धावत नववीच्या वर्गावर गेले आणि बाईंना घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलून गाढ झोपले होते. समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तोच व्हिडिओ सुरू होता आणि तज्ज्ञ संथपणे सांगत होते, “युक्ती क्रमांक चौदा. आवाजात चढउतार ठेवा.” कोपऱ्यात खात्यावरचा बाईंचा फोटो हसत होता.

बाईंना एकदम आठवलं. “अहो, पोर्टल सुरू झालं तेव्हा यांना स्वतःचा पासवर्ड आठवेना. कसं चालतं ते दाखवायला मीच माझं खातं उघडून दिलं होतं!”

भिंगसरांनी घसा खाकरला. “माझा संशय पहिल्यापासून याच खोलीवर होता.”

मुख्याध्यापक दचकून जागे झाले. “मी... मी सखोल अध्ययन करत होतो.”

“कोणाच्या नावावर?” बाईंनी शांतपणे पडद्याकडे बोट दाखवलं.

मुख्याध्यापकांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग दारात आलेल्या मावशींकडे. मेमोची प्रत त्यांनी स्वतःच फाडली. “पण वर काय कळवू? मुख्याध्यापक झोपले होते म्हणून?”

“तुमचं तुम्ही ठरवा. मला खुलासा नको, मेमो मागे घेतल्याचं पत्र हवंय. आणि फाइल आजच पाठवा.”

फाइलवर तिथल्या तिथे सही झाली. वर कळवलं गेलं, ‘सदर शिक्षिका अत्यंत चिकाटीने प्रशिक्षण घेत आहेत.’ पन्नास तास तर उलटूनही गेले होते. बाई सुट्टीला मोकळ्या झाल्या. दाराशी मुख्याध्यापकांनी त्यांना हळूच गाठलं. “बाई, एक विनंती होती. पासवर्ड बदलू नका. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मला झोप येत नाही, त्या तज्ज्ञांच्या आवाजानं येते.”

“बदलला,” बाई म्हणाल्या आणि नववीच्या वर्गाकडे निघून गेल्या.

रंगारी तिथेच घुटमळत राहिले. त्यांच्या खात्यावर अजून शून्य तास होते, आणि सुट्टीत त्यांना चित्रं काढायची होती. “सर,” ते कसेबसे म्हणाले, “उद्यापासून माझ्या खात्यावर झोपाल का?”

ही बातमी मधल्या सुट्टीत शाळाभर झाली. अर्ध्या तासात मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर शिक्षकांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठीवर पासवर्ड होता. सातव्या नंबरवर एक गृहस्थ टोपी डोळ्यांवर ओढून, ओळख लपवून उभे होते. त्यांच्या हातात भिंग होतं.

मुख्याध्यापकांनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, “एका वेळी एकच जण या हो. माझ्याही झोपेला काही मर्यादा आहे.”