बाईंचा हातभार

मंगळवारी सकाळी आजोबांनी खोलीला आतून कडी लावली आणि "या घरात आता माझं काय काम?" एवढंच दाराआडून म्हणाले. बाईंनी ते ऐकलं. आजोबा आजारी आहेत असं समजून त्यांनी गॅसवर सूप ठेवलं.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. परदेशात वर्षभर स्वयंसेवेला आलेल्या. दिवसा वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवायची आणि उरलेला वेळ या कुटुंबात राहायचं. घरात माणसं तीन: नर्स, तिचा बसड्रायव्हर नवरा आणि तिचे वडील, म्हणजे हे आजोबा. कोणी कुठलं काम करायचं याचा तक्ता फ्रिजवर लावलेला होता. बाईंनी तो वाचलाही होता. पण असले तक्ते तपासणीला दाखवण्यापुरते असतात, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. शिवाय परक्या घरी आयतं खाणं त्यांच्या घशाखाली उतरेना. "राहू द्या, मी करते," म्हणत पहिल्याच आठवड्यात त्यांनी भांडी ताब्यात घेतली.

भांडी आजोबांची होती. ते बाह्या सरसावून उठेपर्यंत ओटा पुसून कोरडा झालेला असे. तीन दिवस रिकाम्या सिंककडे बघून ते परत फिरले आणि चौथ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. घड्या जावयाच्या खात्यात होत्या. घरकामात असा बेकार झालेला जावई स्वयंपाकघरात शिरला आणि मीठ कधी घालावं ते बायकोला सांगू लागला. अकरा वर्षांच्या संसारात हा विषय निघाला नव्हता. नर्सने दोन दिवस ऐकून घेतलं, मग हॉस्पिटलात जादा पाळ्या मागून घेतल्या. बाईंना वाटलं, पोरगी किती राबते. त्यांनी स्वयंपाकही आपल्याकडे घेतला, आणि हात रिकामे होते म्हणून घड्याही घातल्या.

बुधवारी ड्रायव्हरने त्यांना जिन्यात गाठलं.

"मावशी, रागावू नका, पण जरा हात आवरा. शुक्रवारी तुम्हाला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या मॅडम येतायत. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून फॉर्मवर त्यांची सही लागते. त्यांनी नाही म्हटलं तर तुम्हाला परत पाठवतील."

मायदेशातून निघताना बाईंच्या सोसायटीने निरोपाचा कार्यक्रम केला होता. भाषणं आठ झाली, त्यातली दोन रडत. तीन आठवड्यांत परतायचं म्हणजे त्या आठही जणांना रोज लिफ्टमध्ये तोंड दाखवायचं.

गुरुवारी वाचनालयाला सुट्टी होती. बाई सोफ्यावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. समोर सिंकमध्ये खरकटी भांडी. त्यांना दरदरून घाम फुटला. घरात इतकी शांतता कशी, म्हणून आजोबा बाहेर आले. भांडी दिसताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एकेक ताटली सावकाश घासली, आणि वाईट घासली. एका ताटलीला अंड्याचा पिवळा ओघळ तसाच राहिला. बाईंचा एक हात आपोआप बाहेर आला.

"बसा," आजोबा म्हणाले.

मग ते खुर्ची ओढून त्यांच्या समोरच बसले.

शुक्रवारी मॅडमनी फॉर्म काढला आणि काही तक्रार आहे का विचारलं.

"आहे. या स्वस्थ बसत नाहीत."

बाईंनी डोळे मिटले. लिफ्टचं दार उघडताना त्यांना दिसू लागलं.

"मग दुसऱ्या घरी पाठवू या का?"

"तिथे यांच्यावर नजर कोण ठेवणार? सगळे कामावर जातात. मी दिवसभर घरी असतो, हे काम मीच बघेन. काल चार तास बसवलं यांना. वळण लागेल, पण वर्ष पुरायचं नाही. दोन लिहा."

मॅडमनी कौतुकाने मान डोलावून दोन लिहिलं. आजोबांनी झोकात सही केली. बाईंचे डोळे भरून आले. आनंदाने की आणखी कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मॅडमना दारापर्यंत सोडावं म्हणून त्या अर्धवट उठल्या.

"बसा," आजोबा म्हणाले. "मी सोडतो."

बाई बसल्या.