मॉयराबाईंचा दुसरा टेक

आमच्या मॉयराबाई आजवर अकरा वेळा मेल्या आहेत. दोनदा विषाने, एकदा जिन्यावरून ढकलल्यामुळे. बाकीचं त्यांना सांगता येत नाही, कारण "तेव्हा माझे डोळे मिटलेले होते."

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पमध्ये आमची दारं समोरासमोर. स्कॉटलंडमध्ये त्या टीव्हीवरच्या खुनांच्या मालिकांत काम करायच्या. मग एका डच माणसाशी लग्न करून इथे आल्या आणि काम सुटलं. आता नवराही नाही. सवय तेवढी राहिली. मी त्यांचं पार्सल द्यायला गेले की मला नखशिखान्त न्याहाळतात आणि म्हणतात, "परत! शेजारीण नाही, चोर वाटलीस." मी निमूट बाहेर जाऊन पुन्हा बेल वाजवते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी मी.

गेल्या शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. तीस वर्षांनी ऑडिशन! ग्लासगोला व्हिडिओ पाठवायचा होता. भूमिका आईची, आणि चक्क शेवटपर्यंत जिवंत.

"ही मी सोडणार नाही," त्यांनी बजावलं.

मी मुलगी. दारातून येऊन म्हणायचं, "मम, आय ॲम होम." त्यांनी भांड्यावरून नजर न उचलता म्हणायचं, "किती उशीर! सूप गार झालं."

पहिल्यांदा मी पुटपुटले. "परत!" दुसऱ्यांदा बरं जमलं. कपाटावर टेकवलेल्या फोनशी त्यांनी जरा खुडबुड केली आणि पुन्हा, "परत!" मग मी पायपुसण्याला अडखळले. मग हसले. "परत! घरी येतेयस पोरी, डेंटिस्टकडे नाही."

इथे सख्खा भाऊसुद्धा आधी वेळ ठरवून येतो. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र एकच मुलगी अठरा वेळा घरी येताना पाहिली.

चार वाजले. "यातला कुठला पाठवायचा?" म्हणत मी फोन उचलला.

मेल सकाळी सव्वादहालाच गेली होती. दुसरा टेक. त्यानंतर कॅमेरा सुरूच केलेला नव्हता.

मॉयराबाई पाठमोऱ्या उभ्या राहून कप विसळत होत्या. एकच कप.

मी फोन होता तसा ठेवला. बाहेर गेले, दार लोटून घेतलं.

"परत!" या वेळी मीच ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दार ढकलून आत आले.

"आई, मी आले."

मराठीचं त्यांना ओ की ठो कळत नाही.

"आलीस?" त्या वळून म्हणाल्या. "बस. गरम करते."