गादीवाल्याची दुपारची झोप

सगळ्या गल्लीच्या झोपेची सोय करणाऱ्या गादीवाल्याला स्वतःला मात्र झोप लागत नव्हती. रात्रभर छताकडे बघायचं आणि दिवसभर पेंगत दाभण चालवायचं, असे महिने गेले. परवा तर त्याने कात्रीच गादीत शिवून टाकली. नशीब, गिऱ्हाईक घेऊन जायच्या आत बायकोला कापड कापायला ती हवी झाली.

"पुढच्या वेळी मला शिवाल आत," बायको म्हणाली. "असंच चाललं तर दुकान बंद करावं लागेल. कळतंय का?"

त्याला कळत होतं. म्हणून तर आणखीच झोप उडाली होती.

त्यात रोज दुपारी 'दोन मिनिटं' यायचे. हे पलीकडच्या घरातले निवृत्त मास्तर. नुकतेच एका पंथात शिरले होते आणि "फक्त दोन मिनिटं" म्हणत ज्याच्या त्याच्या दारात पाय घालायचे.

"अजिबात मानत नाही म्हणजे काय?" ते विचारायचे.

"म्हणजे मानत नाही. भांडण नाही हो माझं देवाशी. ओळखच नाही."

"मग मी करून देतो की!"

एके दिवशी वाद घालायचंही त्राण नव्हतं. गादीवाला नुकत्याच भरलेल्या गादीवर टेकला. मास्तर सृष्टीच्या आरंभापासून बोलू लागले. कापसाची पिसं उन्हात संथ तरंगत होती, आणि मास्तरांचा आवाजही तसाच, कुठे न टेकता तरंगत होता. अंधारातून पाणी आलं, पाण्यातून जमीन वर आली, आणि त्या मऊ जमिनीवर गादीवाला पाय ओढत, हलका होत, लांब कुठेतरी निघून गेला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. समोर मास्तर डोळे पुसत होते.

"काय ही तल्लीनता! इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं माझं."

खरं सांगायला गादीवाल्याची जीभ रेटेना. शिवाय उद्याही झोप हवीच होती. त्या संध्याकाळी त्याने गादीला घातलेले टाके सुतासारखे सरळ आले. बायको दोनदा हात फिरवून बघून गेली.

मग रोजच तसं होऊ लागलं. मास्तर आपल्या मंडळींना घेऊन येऊ लागले. मंडळी नव्या गाद्यांवर बसायची, कापूस तरंगायचा आणि गादीवाला सगळ्यांदेखत तल्लीन व्हायचा. एकदा तो घोरला.

"नाद ऐकू येतोय त्याला," मास्तर कुजबुजले. मंडळींनी माना डोलावल्या. दोघांच्या डोलता डोलता छातीवरच आल्या.

आठवडाभरात मास्तरांनी जाहीर केलं, "तुमचं काम झालं. तुम्ही आता आमचेच. उद्यापासून मी पुढची गल्ली धरतो."

गादीवाला गादीवरून ताडकन उठला. "अहो, पण मी काहीच मानत नाही!"

"हीच ती नम्रता," मास्तर गहिवरून म्हणाले आणि गेले.

त्या रात्री पुन्हा छत. दुसऱ्या दिवशी त्याने उशीच्या खोळीला चारही बाजूंनी टाके घातले, कापूस बाहेरच. बायकोने नुसतं दुकानाच्या कुलपाकडे बघितलं.

दुपारी पुढच्या गल्लीतून परतून मास्तर घरी नुकतेच आडवे होत होते. दारावर थाप पडली. उघडलं तर गादीवाला, काखेत गुंडाळलेली गादी.

"फक्त दोन मिनिटं," तो म्हणाला आणि दारात पाय घातला. "मास्तर, खोटं नाही बोलवत. मी ऐकत नव्हतो. झोपत होतो."

मास्तरांचा चेहरा उतरला. गादीवाल्याला फार वाईट वाटलं.

"एक शब्दसुद्धा नाही ऐकलात?"

"पाण्यातून जमीन वर आली, तिथपर्यंत ऐकलं. पुढचं राहिलंय. म्हणून तर आलो."

हळूहळू मास्तरांचे डोळे चमकू लागले. त्यांनी दार पुरतं उघडलं.

"आणि आजही मधेच झोपलात तर?"

"तर उद्या पुन्हा पहिल्यापासून," गादीवाला म्हणाला आणि गादी पसरू लागला.