कॉम्प्रेसरच्या कुळीची चौकशी

ये, इकडं जवळ बस. दाराशी काय पाहुण्यासारखी टेकलीस? आणि तो फोन आधी पालथा घाल. किती महिन्यांनी तोंड दाखवतेस! कडी वाजवल्यावर मागून कुणी 'कोण पायजे?' म्हणालं आणि तू दचकलीस ना? ते आमचे हणमंतभावजी. माझे धाकटे दीर. दार वाजलं की ते पुढं येत नाहीत. मागच्या दारानं बाहेर पडतात, घराला वळसा घालतात आणि आलेल्याच्या पाठीशी उभं राहून विचारतात. का, तर म्हणे, पुढनं माणूस तयारीत असतो.

जाऊबाई गेल्यापासून ते आमच्याकडंच जेवतात. जेवतात म्हणजे आमटीत चमचा फिरवून आधी विचारतात, "वैनी, आज डाळ वायली दिसतीया?" डॉक्टरांनी रक्तदाब ठीक आहे म्हणून सांगितलं, तर यांनी दरवाजा लोटून घेतला आणि खुर्ची पुढं ओढली. "बरं, आता खरं सांगा."

पण ह्या स्वभावाचा भावकीला उपयोग फार. कुणाचीही सोयरीक निघाली की चौकशीला भावजी. मुलाच्या गावी जायचं, पण मुलाच्या घरी जायचं नाही. पिठाच्या गिरणीत जाऊन बसायचं. कुठल्या घरचं दळण किती येतं, गहू असतो का नुसती ज्वारी, दळण न्यायला कोण येतं, सून का सासू, एवढ्यावर घर कळतं म्हणायचे. त्यांनी मोडलेल्या सोयरिकी साताऱ्यापासून मेढ्यापर्यंत आहेत.

त्यांच्या लेकीनं, रूपालीनं, स्वतःच मुलगा निवडला तेव्हाही भावजी गिरणीत बसून आले. मुलगा अमोल. सांगलीजवळ कुपवाडला गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. निर्व्यसनी, आईबाप साधे, घरी भांडण नाही.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"काहीच खोट निघंना, वैनी. म्हंजे दडवलेलं लय मोठं हाय."

झालं. नाही म्हणाले. पोरीनं रजिस्टर लग्न केलं. बापलेकीचं बोलणं तुटलं ते तुटलंच. जावयाचं नावसुद्धा घरात निघायचं नाही. निघालं तर 'तो एसीवाला.'

आता मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. मेढ्यात एक जुनं गॅरेज बंद होत होतं. मालक ओळखीचा. त्यानं भावजींना एक लोखंडी धूड दिलं. चौकोनी अंग, वर दोन सिलिंडरचं डोकं, एका बाजूला भलीमोठी पुली. वर म्हणाला, घेऊन जा, फुकट. तिथंच घात झाला. फुकट का दिलं, ह्या एका विचारानं भावजींची झोप उडाली.

मग त्यांनी त्या धुडाची स्थळाची करतात तशी चौकशी सुरू केली. गाव कुठलं, आधी कुणाच्या घरात नांदत होतं, सोडून का दिलं? अंगावर पाटी ठोकल्याची दोन भोकं होती, पाटी नव्हती. "बघा वैनी. नाव काढून टाकलंय. सरळ घरचं आसतं तर नाव का लपवलं आसतं?"

साताऱ्यातला पंपाच्या मोटारीचं वायंडिंग करणारा म्हणाला, विहिरीवरचा पंप. शंभर टक्के. कराडचा पंक्चरवाला म्हणाला, टायरात हवा भरायचा पंप, ठेवून जावा माझ्याकडं. "त्यालाच पायजे हाय," म्हणून भावजींनी ते उचलून परत आणलं. दूध डेअरीतला एकजण म्हणाला, दूध गार करायच्या टाकीचं यंत्र, डोळे झाकून सांगतो. "डोळं झाकूनच सांगतोय," भावजी म्हणाले.

शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं नीट वाकून बघितलं. "आवं, ह्यो जुन्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर दिसतोय. पर असला न्हाई बघितला कवा. तुमी कुपवाडला न्या. तिथं एकजण हाय, जुन्या एसीतलं त्याला कळतंय."

भावजींनी दोन दिवस ते धूड पोत्यात भरलं, बाहेर काढलं, परत भरलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वैनी, रविवारी चला माझ्यासंगं. साक्षीदार लागंल."

एसटीत पोतं पायाखाली धरून बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" हे म्हणाले, "तेच बघाया चाललोय." कंडक्टर सांगलीपर्यंत आमच्याकडं वळून वळून बघत होता.

गॅरेजच्या दारात रूपालीच उभी. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अमोल बॉनेटखालून बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "या मामा."

भावजी माझ्याकडं तोंड करून बोलले. "वैनी, ह्यांना विचारा, हे कुठल्या गाडीचं हाय."

मी कशाला विचारू? तो समोरच होता. त्यानं कॉम्प्रेसर बाकावर घेतला. एका तोंडावर अंगठा दाबून पुढची चकती हातानं फिरवली. अंगठ्याखालनं फुस्स आवाज आला. डोक्यावरचे नट बघितले, पुलीवरून बोट फिरवलं. मग एकदा रूपालीकडं बघितलं.

"मामा, एसीचाच हाय. पर कुठल्या गाडीचा, ते न्हाई सांगता येत. ठेवून जावा, खोलून बघतो. पुढच्या रविवारी या."

"न्हाई सांगता येत?"

"न्हाई."

भावजींनी त्याला प्रथमच नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. ठेवायला तयार झाले. पण बदलला तर? खूण करायला हवी. इकडं तिकडं बघितलं आणि रूपालीला म्हणाले, "खिळा हाय का?"

एवढ्या वर्षांनी बाप लेकीशी बोलला, ते एवढंच. तिनं पळत जाऊन मूठभर खिळे आणले.

त्यानंतर दर रविवारी कुपवाड. आधी ती खूण तपासायची, मग चौकशी. एका रविवारी अमोल म्हणाला, हा उभाही बसतो, आडवाही बसतो. पुढच्या रविवारी, ह्यातलं ऑइल पट्टी बुडवून मोजतात, इंजिनासारखं. त्याच्या पुढच्या, पुलीवर दोन पट्ट्यांच्या खाचा आहेत, म्हणजे गाडी मोठी, बहुतेक परदेशी. तेव्हा एसी मागाहून बसवायचे. बस, एका रविवारी एवढंच. मधल्या वेळात रूपालीच्या हातचं जेवण. आमटीत चमचा फिरत नाही.

परवा ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "काकी, आबांना सांगू नका. ह्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. गाडीचं नाव, साल, सगळं."

आली का पंचाईत! परतीच्या गाडीत मी भावजींकडं बघायचंच टाळलं. ह्या माणसाला कळलं तर पुन्हा सगळं मोडेल. कराड मागं पडलं तसे भावजी कानाशी वाकले.

"वैनी, जावई खोटं बोलतोय."

मी पुढच्यामागच्या सीटवर बघून घेतलं. "काय म्हणता?"

"त्याला पयल्याच दिवशी कळलंय. चकती फिरवली तवाच त्याचं डोळं बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

भावजींनी तिकिटं घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बोललो तर एका दमात सगळं सांगून टाकंल की तो. मग पुढच्या रविवारी काय इचारू?"

बरं, चहा घे, गार झाला तुझा. आणि आता अशी महिनोन्‌महिने गायब होऊ नकोस. लवकर ये परत, मुक्कामालाच ये. फक्त रविवारी येऊ नकोस बाई, घराला कुलूप असतं.