दाव्यात बांधलेली पुस्तकं

मारुतीअण्णा कादंबऱ्यांतली शेती दुरुस्त करतात. शिसपेन्सिलीनं, आणि तीही आमच्या चामराजपेटेतल्या मराठी वाचनालयाच्या प्रतींवर. निपाणीकडचं शेत सोडून ते बेंगळुरात कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. आता दर शनिवारी पाच पुस्तकं नेतात आणि जाड सुती दोरानं करकचून बांधून परत आणतात. पुस्तकं उधळतील अशी भीती असावी.

एका नामवंत लेखकाच्या समासात त्यांचा शेरा आहे: 'मृगात, पेरणीच्या दिवसांत, शाळू काढतोय. खुळा.' दुसऱ्याची नायिका उसाच्या फडात नाचत शिरते, तिथं: 'पाला कापतो. अंगभर कापड पाहिजे.' आणि ट्रॅक्टर आल्यावर गावाचा आत्मा हरवला असं जिथं जिथं छापलंय, तिथं एकच वाक्य: 'नांगर कुणी धरला होता, त्याला विचारा.'

वाचनालयाच्या समितीनं अण्णांचं सभासदत्व रद्द केलं. समितीत ही पुस्तकं कुणी उघडत नाही. त्यामुळे त्यांचं पावित्र्य जपणं सोपं जातं. अण्णांना हे सांगायचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आलं.

"अण्णा, लेखकमाणसं ती. स्वल्प सूट द्यायची की."

"सरी, ठीक हाय, शाळवाची सूट दिली. पर हे बघा." टेबलावरचं, मागच्या खेपेचं एक पुस्तक घेऊन त्यांनी पान उघडलं. शेतकरी ट्रॅक्टर घेतो, बैलजोडी बाजारात नेतो, गळ्यातल्या दाव्यासकट गिऱ्हाइकाच्या हाती देतो आणि दोन पानं रडतो.

"रडणं चुकलंय?"

"रडतंय तर रडू दे हो. पर दावं कोण देतंय? बैल इकला तरी दावं आपल्याकडंच ऱ्हातंय. घेणारा आपलं दावं आणतोय. एवढं ठावं न्हाई, आन् पुस्तक लिवतोय!"

त्या पानावर शेरा नव्हता. समासात फक्त बैलांची दोन नावं होती: हरण्या. कोश्या.

मी समितीचा ठराव सांगितला. अण्णांनी गठ्ठ्याची गाठ सोडली, पुस्तकं टेबलावर रचली, कार्ड वर ठेवलं. मग दोर हाताला गुंडाळू लागले. मधोमध तो घासून गुळगुळीत झाला होता. पुस्तकांनी दोर एवढा झिजत नाही.

"पुस्तकं तुमची, ठेवून घ्या," ते म्हणाले. "दावं तेवढं मी नेतो."

मी कार्ड त्यांच्या खिशात घातलं.

"पाच पुस्तकं निवडा, अण्णा. परत एकदा मोकळं दावं घेऊन घरी कशाला जाताय?"