रंकाळ्याच्या घाटावर बसाप्पा

बसाप्पा आपलं तीन पायांचं घोडं आणि कॅमेऱ्याची पेटी घेऊन गल्लीतून निघाला, की घरोघरी आजारी माणसांना उठवून बसवत. आमच्या शेजारच्या दादबांना तर सून ओट्यावर आणून बसवायची आणि हळूच सांगायची, "मामंजी, जरा खोका." बसाप्पा आमच्याकडे आलेला नाही, एवढं चारचौघांना कळलं म्हणजे झालं.

त्याला कारणही होतं. त्यांच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवतात, विभूती लावतात, हार घालतात आणि तसंच बसलेलं नेतात. धंद्याच्या सुरुवातीला बसाप्पाने अशा एका आजोबांचा फोटो काढला. तो इतका सुरेख आला, की नातवंडं म्हणाली, आजोबा जिवंतपणी एवढे शांत कधी दिसलेच नाहीत. त्या फोटोने बसाप्पाचं नाव झालं आणि वाटोळंही झालं. गावातल्या सगळ्या मयतांचं बोलावणं त्याला, लग्नाचं एकही नाही. दारात मांडव दिसला की बिचारा आपण होऊन पलीकडच्या बाजूने जाई.

'हलू नगा' हा त्याचा मंत्र. तो मयतालाही सांगायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ते कुठं हलणार?" तर म्हणाला, "मास्तर, सांगायचं आपलं काम. मेलं म्हणून मान ठिवायचा न्हाय व्हय?"

महाराजांना कुस्तीइतकंच पोहण्याचंही कौतुक. एका दसऱ्याच्या सुमाराला रंकाळ्यात तालमीतल्या पोरांची शर्यत ठरली. दरबारचा नेहमीचा फोटोवाला कुणा साहेबाबरोबर पन्हाळ्याला गेला होता. मी शाळामास्तर, शर्यतीचा पंच. माझ्या तोंडून बसाप्पाचं नाव निघून गेलं. दरबारच्या अंमलदारांनी बजावलं, "पहिला गडी घाटाच्या पायरीला हात लावतोय, असा फोटो हवा. तो महाराजांपुढं जाणार आहे."

तेव्हापासून बसाप्पाचा एकच घोष. "मास्तर, ह्ये जमलं तर दरबारचा फोटोवाला म्हणून पाटी लावतो. मग लग्नाला बोलावतील न्हवं?" मी म्हटलं, बोलावतील. पण धास्ती मलाही होती. शिफारस माझी, आणि या गड्याने हलणारं माणूस जन्मात टिपलेलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी त्याने सगळ्या पोहणाऱ्यांना गोळा केलं. "पायरीला हात लावला की तसंच ऱ्हायचं. वर बघायचं. श्वास घ्यायचा न्हाय."

"श्वास घ्यायलाच तर पायरीला येणार की आम्ही," एक पैलवान म्हणाला. दुसरा म्हणाला, "ह्याला कुणी बोलावलं? आज कोण बुडणार हाय काय?" सगळे हसले. बसाप्पा हसला नाही. ज्यावर फोटो उमटतो ती काच त्याने पेटीत सरकवली. काचा दोनच होत्या.

तेवढ्यात गंगव्वा पायऱ्या उतरून आली. ही आमच्याच गल्लीतली विधवा. तिचा थोरला तापाने गेला, त्याचा तिच्याकडे एकच फोटो, हार घातलेला, बसाप्पानेच काढलेला. धाकटा मल्लू आज पाण्यात उतरणार होता. ती बसाप्पाजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "बसाप्पाण्णा, तू हितनं जा की रे."

"जातो अक्का. एवढा फोटो झाला की जातो," तो म्हणाला. तोंड मात्र उतरलं.

पोहणारे पलीकडच्या काठावर गेले आणि तिथे बार उडाला. पाण्यावर डोकी दिसू लागली. लोक पहिल्या गड्याच्या नावाने ओरडत होते आणि बसाप्पा मागची डोकी बघत होता. "मास्तर, मल्लू कुठं हाय?" मला दिसेना. "मास्तर, त्यो दिसंना झालाय."

"बसाप्पा, आला, आला!" मी ओरडलो. पहिला गडी पायरीशी आला. बसाप्पाने भिंगावरचं झाकण काढलं, आणि ते मुठीत धरूनच, मल्लूला हाका मारत धाडधाड पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. त्याला पोहता येत नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असावं.

इकडे कॅमेऱ्याचं तोंड उघडंच, आतली काच उन्हाने वाया गेली. पायरीला हात लावलेला गडी सांगितल्याप्रमाणे श्वास कोंडून वर बघत राहिलेला, लालबुंद. तिकडे बसाप्पाचा फेटा पाण्यावर, बसाप्पा खाली. 

त्याला वर काढलं ते मल्लूनेच. "पोटरीत गोळा आलता म्हणून उताणा पडलोतो," तो बसाप्पाला पायरीवर ठेवत म्हणाला. "तुमी कशाला आलासा?" बसाप्पा खोकून खोकून पाणी काढत होता आणि मल्लूचा दंड चाचपत होता.

अंमलदार तापले होते. "दुसरी काच आहे ना? त्या गड्याला परत पाण्यात उतरवा." गडी निमूट उतरला, पायरी धरून बसला. बसाप्पाने ओल्या हातांनी काच घातली. कॅमेरा मात्र बाजूला वळवला. तिथे गंगव्वा मल्लूचं डोकं पदराने खसाखसा पुसत होती आणि त्याला शिव्या देत होती.

"इकडं, इकडं!" अंमलदार म्हणाले.

"व्हय जी," बसाप्पा म्हणाला आणि काळ्या कापडात शिरला.

कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडे वळलेलं बघून गंगव्वा चरकली. तिने मल्लूला मागे ओढलं. मग बसाप्पाच्या निथळत्या धोतराकडे तिचं लक्ष गेलं आणि ती जागच्या जागी थांबली. "कुठं बघू?" तिने विचारलं.

कापडातून आवाज आला, "कॅमेऱ्याकडं नगं अक्का. पोराकडं बघ."

तिने बघितलं. झाकण निघालं, लागलं. फोटो झाला, दरबारची पाटी गेली. अंमलदार माझ्याकडे डोळे वटारून निघून गेले. पाण्यातला गडी कुडकुडत वर आला. बसाप्पा मात्र कापडाबाहेर येईना. मी जवळ गेलो तेव्हा कळलं, आत तो रडत होता. एवढ्या मयतांच्या घरी गेलेला हा माणूस मी कधी रडताना पाहिला नव्हता.

गंगव्वाने येऊन कापडाचं टोक उचललं, आत बघितलं, आणि त्याच ओल्या पदराने त्याचंही डोकं पुसू लागली.